पोहण्याच्या तलावाची चौकशी

पाणीखात्याचा तपासनीस पोहण्याचा तलाव शोधत दारात उभा राहिला, तेव्हा टेलरताईने ओठांत चार टाचण्या धरल्या होत्या. म्हणून तिला लगेच हसता आलं नाही.

"तलाव मागच्या बाजूला आहे का?" त्याने विचारलं.

ताईने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "कसला तलाव?"

"पोहण्याचा." त्याने हातातला कागद वाचून दाखवला. "या जोडणीवरचा पाणीवापर एका कुटुंबाच्या नेहमीच्या वापरापेक्षा सहापट आहे. पोहण्याचा तलाव, कारंजं किंवा मोठी बाग असल्याचा संशय. प्रत्यक्ष पाहणी करावी."

आतल्या खोलीतून ताईचे वडील बाहेर आले. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. अप्पा निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं शहराचे जिने चढून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण कान अजून तिखट होते. "तलाव? आपल्याकडे? आणि मला कुणी बोललं नाही ते!"

तपासनीस हसला नाही. बारीक, घामेजलेला माणूस होता. पँटचा एक पाय उसवून बुटावर लोळत होता. सकाळपासून त्याने तीन घरं पाहिली होती आणि तलाव एकातही सापडला नव्हता.

आता घराबद्दल सांगायला हवं. घर तीन मजली. प्रत्येक मजल्यावर दोन-दोन खोल्यांची दोन बिऱ्हाडं, म्हणजे एकूण सहा. प्रत्येक मजल्याला एक संडास, दोन बिऱ्हाडांत मिळून. पाण्याची जोडणी मात्र अख्ख्या घराला एकच, आणि मीटरही एकच, फाटकाजवळ लोखंडी झाकणाखाली. बिल घरमालकाच्या नावाने निघायचं. मालक तीन रस्ते सोडून बेकरी चालवायचा. तो बिलाचे सहा सारखे तुकडे करायचा आणि प्रत्येकाच्या दाराखालून चिठ्ठी सरकवायचा.

गेल्या वर्षी पाण्याचे दर बदलले, आणि चिठ्ठीतला आकडा असा फुगला की मालकाच्या बेकरीतल्या पावाने मान खाली घालावी. वर सांडपाण्याचा आकार वेगळा. पाण्याचं जेवढं बिल, त्याच्या निम्मा. म्हणजे पाणी येतानाही महाग, जातानाही महाग.

मग घराने काटकसर सुरू केली. भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसायची, फरशी पुसलेलं पाणी संडासात ओतायचं. ताई गिऱ्हाइकाला आधी विचारायची, "पाणी हवंय की नुसतंच बसताय?" अप्पा एका बादलीत आंघोळ उरकायचे आणि दोन तांबे पाणी वाचवलं की बक्षीस मिळाल्यासारखे बाहेर यायचे.

एवढं करूनही बिल उतरेना, तेव्हा सहाही बिऱ्हाडं एकमेकांना पाण्यात पाहू लागली. पाणी नक्की कोण सांडतं? वरच्या मजल्यावर एक घड्याळजी राहायचा, एकटाच. त्याचं म्हणणं, मी एकटा असून चौघांइतकाच हिस्सा का भरू? तो जिन्यात घड्याळ घेऊन उभा राहायचा आणि कुणाच्या न्हाणीघरात नळ किती वेळ चालतो ते वहीत लिहायचा. मधल्या मजल्यावर जुळ्यांची आई राहायची. ती दवाखान्यात नर्स होती, नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. एका सकाळी घड्याळजीने तिच्या दारासमोर वही उघडून सुनावलं, "सव्वासात मिनिटं! नळ चालू! तुम्ही दोन हिस्से भरायला हवेत!"

"दोन वर्षांची पोरं आहेत माझी," ती म्हणाली. "मासे नाहीत!"

पण त्या दिवसापासून तिने पोरांना घरी आंघोळ घालणंच बंद केलं. दर तिसऱ्या दिवशी दोघांना दोन कडेवर घेऊन ती बसने माहेरी जायची, तिथे दोघांना न्हाऊ घालून, डोकी पुसून परत यायची. तिचे दोन महिन्यांचे हिस्से थकले होते. ती कुणाशी बोलत नव्हती, आणि घड्याळजीशी कुणी बोलत नव्हतं. ताईला दोघांचीही कणव यायची, पण जिन्यात गाठ पडली की तीही मान खाली घालून निघून जायची. तिची स्वतःचीही ओढाताण होतीच.

अशा घरात तपासनीस तलाव शोधायला आला होता.

"या, दाखवते," ताई म्हणाली. गळ्यातली टेप तशीच ठेवून ती त्याला घेऊन जिना चढली.

त्याने इमानेइतबारे सगळं पाहिलं. संडास पाहिले, त्यातल्या गढूळ पाण्याच्या बादल्या पाहिल्या. जुळ्यांच्या आईच्या न्हाणीघरात कोरडी फरशी आणि वाळत घातलेली दोन इवलेसे पायजमे होते. घड्याळजीने दार चार बोटं उघडून आपली एकुलती एक बादली दाखवली आणि लगेच लावून घेतलं. गच्चीवर सिमेंटची टाकी होती, वर पत्र्याचं झाकण. प्रत्येक ठिकाणी तपासनीस अर्जावर काहीतरी लिहायचा. कारंजं, नाही. बाग, नाही, घड्याळजीच्या खिडकीत एक वाळलेली तुळस–

नाही, ताईला वाटली तशी तुळस नव्हे. साधा कोरफडीचा डबा होता, आणि कोरफडसुद्धा तहानेने आडवी झाली होती. घड्याळजीचं घर ताईने इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दाराच्या फटीतून पाहिलं, म्हणून तिची नजर चुकली.

खाली आल्यावर तपासनीस स्टुलावर मटकन बसला. ताईने त्याच्यापुढे पेला ठेवला. "जपून प्या. चैनीच्या दराचं आहे."

"तेच तर कळत नाही," तो घोट घेत म्हणाला. "इतक्या वापराला चैनीचाच दर लागतो. पहिल्या दहा युनिटांना स्वस्त दर असतो, गरिबांना परवडावं म्हणून. पुढे दुप्पट. चाळीसच्या पुढे पाचपट. ते श्रीमंतांसाठी. तुमचं घर साठ युनिटं वापरतं."

"घर नाही वापरत. सहा घरं वापरतात."

"पण मीटर एकच आहे ना."

ताईने गळ्यातली टेप काढली. "साहेब, माझ्या दुकानात सहा माणसं आली, सहाही सडपातळ. मी सहांना एकत्र उभं केलं, सगळ्यांभोवती मिळून एकच टेप फिरवली आणि म्हटलं, केवढा हा लठ्ठ माणूस, याला कापड जास्त लागणार, याच्याकडून पाचपट शिलाई घ्या. तुम्ही मला काय म्हणाल?"

"वेडी म्हणेन," तपासनीस बोलून गेला.

"बरं, समोरच्या बंगल्याचं बिल कुणी पाहिलंय?" अप्पांनी मध्येच विचारलं. "तिथे एकटे निवृत्त जज्जसाहेब राहतात. हिरवळीला रोज पाणी. मी त्यांची पत्रं टाकायला जायचो तेव्हा बूट भिजायचे माझे."

तपासनीसाने वही चाळली. "ते नऊ युनिटांत आहेत. स्वस्त दर." त्याने आपल्या अर्जाची मागची बाजू उलटली, एका रकान्यावर बोट ठेवलं आणि तो दोनदा वाचला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"इथे लिहिलंय, या जोडणीवरची कुटुंबं: एक. हे तीस वर्षांपूर्वी भरलेलं आहे."

"तेव्हा मालकाचे आईवडील राहायचे इथे. अख्ख्या घरात ते दोघंच."

"इथे सहा लिहिलं असतं, तर सहा कुटुंबांना प्रत्येकी दहा युनिटं स्वस्त दराने मिळाली असती. म्हणजे तुमची साठच्या साठ."

ताई खुर्चीत बसली. बाहेरून एक ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. "असा नियम आहे?"

"पहिल्यापासून."

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"बिल मालकाला जातं. मालकाने विचारलं नाही." तपासनीसाने मान खाली घातली. "आणि आम्ही सांगितलं नाही."

"मग लिहा ना आता! मारा फुली, करा सहा!"

"मालकाची सही लागते. मला फक्त एवढंच लिहिता येईल की तलाव आढळला नाही. त्यावर खातं म्हणणार, तलाव नाही तर पाणी जातं कुठे? म्हणजे लपवलंय. मग दंड. मालकाला पंधरा दिवसांची मुदत आहे." तो उठला. "मी पंधराव्या दिवशी परत येईन. मालकाला हजर राहायला सांगा."

ताई संध्याकाळी बेकरीत गेली. मालक पिठाने पांढरा झालेला होता. पंधरा दिवसांची मुदत आणि दंड ऐकून आणखी पांढरा पडला. तसा तो दुष्ट माणूस नव्हता. भाडं दोन दिवस उशिरा दिलं तर कुरकुर करायचा, पण सोबत एक पावही द्यायचा.

"सही करून टाका," ताई म्हणाली. "एक खोडून सहा. तुमचं काय जातं?"

"माझी घरपट्टी जाते!" मालक कुजबुजला. काउंटरवर कुणी नाही ना ते त्याने पाहून घेतलं. "कागदावर त्या घरात मी स्वतः राहतो. एक कुटुंब. सहा लिहिलं की ते भाड्याचं घर झालं. घरपट्टी किती चढेल माहीत आहे?"

"आणि दंड?"

मालक विचारात पडला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये त्याच्या पावांची भट्टी करपायला लागली होती. त्याने धावत जाऊन पत्रे बाहेर ओढले. परतला तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं.

"तलाव आहे म्हणून सांगू."

"काय?"

"गच्चीवरची टाकी! तिलाच तलाव म्हणायचं. एकदाच दंड भरायचा, विषय संपला. दंडाचे सहा भाग करू, कुणाला जड जाणार नाही."

"आणि पाचपट दर तसाच चालू राहणार?"

"तो तर तुम्ही भरताच आहात," मालक भोळेपणाने म्हणाला.

ताई परत निघाली ती तणतणतच. चूक यांची, सही यांची, दंडाचे तुकडे मात्र सहा! पण तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती. सहाही बिऱ्हाडांनी एकजुटीने नाही म्हटलं, तरच मालक वळणार. आणि सहा बिऱ्हाडं तर एकमेकांचं तोंड पाहत नव्हती. कुणाच्या दारावर टकटक केली तर आतून आवाज यायचा, "आम्ही नळ बंद केलाय!"

"दार कुणी उघडत नसेल," अप्पा म्हणाले, "पण पत्र आलं की उघडतात. चौतीस वर्षांचा अनुभव आहे."

त्यांनी पाच पत्रं लिहिली, पाकिटात घातली, पाकिटांवर नावं-पत्ते टाकले. माळ्यावरची जुनी खाकी पिशवी खांद्याला अडकवली आणि सकाळी अकराच्या ठोक्याला, गुडघे सांभाळत, जिना चढले. प्रत्येक दारावर तीच जुनी हाक, "पत्रं!" पाचही दारं उघडली. पत्रात एकच ओळ होती: आपल्यापैकी पाणी कुणीच सांडत नाही, पैसे का सांडतायत ते कळलंय, रविवारी चार वाजता टेलरताईच्या खोलीत या.

रविवारी सगळे आले. खुर्च्या दोनच, म्हणून कुणी कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलं, कुणी इस्त्रीच्या टेबलावर. जुळ्यांची आई दाराजवळ उभी राहिली, जुळी तिच्या दोन्ही पायांना बिलगलेली. ताईने सहा लोक आणि एक टेप हे सगळं परत सांगितलं. सांगताना तिने खरंच सगळ्यांभोवती टेप फिरवून दाखवली, आणि जुळी खिदळत टेपखालून पळाली.

खोलीत हशा पिकला, मग हळूहळू शांत झाला. गेले दहा महिने आपण कशावरून भांडलो, हे ज्याच्या-त्याच्या ध्यानात येत होतं.

घड्याळजी उठला. त्याने वही आणली होती. ती हातात इकडून तिकडे फिरवत तो जुळ्यांच्या आईला म्हणाला, "ते सव्वासात मिनिटं... ते बरोबर नव्हतं. माझं घड्याळ पुढे होतं."

घड्याळजीने स्वतःचं घड्याळ चुकलं म्हणून कबूल करणं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळलं. जुळ्यांच्या आईचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली एवढंच, "किती पुढे होतं?"

"चांगलंच," घड्याळजी म्हणाला. "चार-पाच मिनिटं तरी."

मग कामाचं बोलणं झालं. दंडाचा हिस्सा कुणी द्यायचा नाही. तलाव आहे असं कुणी म्हणायचं नाही. कुणाच्या घरात किती माणसं, किती वर्षं राहतात, याचा कागद करून सहाही जणांनी सह्या करायच्या. जुळ्यांच्या आईने स्वतःहून कागद लिहायला घेतला. दवाखान्यात रोज रोग्यांच्या नोंदी लिहून तिचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं.

पंधराव्या दिवशी मालक ठेवणीतला कोट घालून हजर झाला. सहा जणांनी सह्या केलेला कागद ताईने त्याला आधीच दाखवला होता, तरी त्याने आशा सोडली नव्हती. तपासनीस आला तसा मालक त्याला थेट गच्चीवर घेऊन गेला. मागोमाग सगळं घर.

"हा घ्या," मालक टाकीकडे हात करून म्हणाला. "तलाव."

तपासनीसाने झाकण उचलून आत पाहिलं. "यात कोण पोहतं?"

मालकाने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे आकाशाकडे पाहत होते.

"मी," मालक म्हणाला. "कधीमधी."

मालकाचं पोट आणि टाकीचं तोंड, दोन्हीकडे एकदा पाहून तपासनीसाने वही उघडली. आपण हसलो तर ही सगळी माणसंही हसत सुटतील या भीतीने की काय, त्याने चेहरा अगदी गंभीर ठेवला होता. "लांबी, रुंदी, खोली लिहावी लागेल."

ताईने टेप काढली आणि टाकी मापून आकडे सांगितले. इतक्या गंभीरपणे तिने कधी लग्नाचा सूटही मापला नव्हता.

"छान," तपासनीस म्हणाला. "आता, तलावाला दरवर्षी परवाना लागतो. भोवती छातीइतकं कुंपण. पाण्याची दर महिन्याला तपासणी, तिची फी वेगळी. आणि एक जीवरक्षक, पोहण्याच्या वेळी हजर, पगारी. या सगळ्याचा दाखला तीस दिवसांत द्यायचा. नाहीतर दुसरा दंड."

"पगारी?" मालकाचा आवाज चिरकला.

"पगारी."

"मी पोहायला तयार आहे त्यांच्या जागी," अप्पा म्हणाले, "पण वाचवणार मला कोण?"

मालक गच्चीच्या कठड्यावर टेकला. ओठ हलत होते. मनातल्या मनात घरपट्टी एका बाजूला आणि जीवरक्षक दुसऱ्या बाजूला ठेवून तो बघत होता. शेवटी त्याने हात पुढे केला. "द्या तो पेन."

त्याने एक खोडून सहा केला आणि खाली सही केली. तपासनीसाने शेरा लिहिला: तलाव नाही. कुटुंबे सहा. मग वही मिटली, आणि इतका वेळ अडवून धरलेलं हसू त्याला असं फुटलं की त्याला जिन्यात बसावं लागलं. खाली उतरल्यावर ताईने त्याला पँटचा उसवलेला पाय दाखवला, स्टुलावर बसवला आणि दहा मिनिटांत शिवून दिला. पैसे घेतले नाहीत असं नाही. घेतले, पण रीतसर.

मालकाने पुढच्या महिन्यात भाडं वाढवायची भाषा केली. सहाही बिऱ्हाडं एकत्रच बेकरीत गेली, तेव्हा त्याने सांगितलेल्या वाढीचा अर्धा भाग तिथेच विरघळला. उरलेला अर्धा त्यांनी मान्य केला. घरपट्टी त्यालाही भरायची होती, हे कुणी नाकारत नव्हतं.

नवीन बिल आलं तेव्हा घड्याळजीने ते उजेडात धरून, भिंग लावून तीनदा तपासलं. पाण्याचा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर आला होता आणि त्याच्या शेपटीला बांधलेला सांडपाण्याचा आकारही तसाच खाली घसरला होता. वाढलेलं भाडं धरूनही प्रत्येकाच्या हातात काहीतरी उरत होतं. जुळ्यांच्या आईचे थकलेले हिस्से दोन महिन्यांत फिटले. समोरच्या गल्लीतल्या घरात नऊ बिऱ्हाडं होती. तिथली माणसं आपली बिलं घेऊन ताईकडे येऊ लागली. ताई शिवता शिवता त्यांना आपल्या अर्जाच्या नकलेची मागची बाजू उलटून दाखवायची.

नवीन बिल आलं त्या आठवड्यातल्या रविवारी तिने खिडकीचे पडदे काढले आणि टपात भिजत घातले. वर्षभर ते धुतलेच नव्हते. पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं, दुसरं चहासारखं, तिसरं जरा माणसात आलं. पिळून, झटकून तिने ते दोरीवर टाकले.

अप्पा बाहेर आले, दोरीपाशी थांबले आणि डोळे बारीक करून पाहू लागले.

"हे कुणाचे पडदे?"

"आपलेच."

"काहीतरीच! आपले करडे आहेत."

"पिवळे आहेत, अप्पा," ताई म्हणाली, आणि खालचं टोक जमिनीला लागू नये म्हणून दोरी जरा वर ओढून बांधू लागली.